स्वच्छ रात्रीचा चकवा

१६ ऑगस्ट १९६५. न्यूयॉर्कहून शिकागोला निघालेलं युनायटेड एअरलाइन्सचं बोइंग ७२७ उतरणीला लागलं आणि रात्रीच्या अंधारात मिशिगन सरोवरात कोसळलं. ८ नोव्हेंबरला अमेरिकन एअरलाइन्सचं ७२७ सिनसिनाटीच्या धावपट्टीअलीकडच्या टेकाडावर आदळलं. पुढे तीनच दिवसांनी सॉल्ट लेक सिटीत युनायटेडचंच आणखी एक ७२७ धावपट्टीच्या अलीकडे आपटलं आणि पेटलं. ४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑल निप्पॉन एअरवेजचं ७२७ टोकियोच्या उपसागरात गेलं. त्यातल्या १३३ जणांपैकी एकही वाचला नाही. सहा महिन्यांच्या आत चार विमानं गेली, चारही एकाच जातीची, आणि तीही विमान प्रवासी सेवेत येऊन जेमतेम दोन वर्षं होतात तोवर.

साहजिकच संशय विमानावर गेला. ७२७मध्येच काही खोट असावी, अशी कुजबुज सुरू झाली. चौकशा झाल्या, प्रत्येक अपघाताची कारणं आपापल्या जागी वेगवेगळी नोंदली गेली, काहींचा नक्की उलगडा झालाच नाही. हवामानही चारही ठिकाणी सारखं नव्हतं. सिनसिनाटीला पाऊस होता, तर टोकियोला आकाश निरभ्र. पण यादी समोर ठेवली की एक गोष्ट नजरेत भरायची. वेळ अंधार पडल्यानंतरची, विमान उतरणीला लागलेलं, आणि धावपट्टीपर्यंत पोचायच्या आधीच ते खाली टेकलेलं. चारही विमानांचे चालक अनुभवी. मग समोर शहर लखलखत असताना ती इतकी खाली आली कशी?

हा प्रश्न बोइंग कंपनीतल्या कॉनरॅड क्राफ्ट या मानसशास्त्रज्ञाने हातात घेतला. विमान बनवणाऱ्या कंपनीत मानसशास्त्रज्ञाचं काय काम, असं तेव्हाही काहींना वाटलं असेल. क्राफ्टने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यंत्राची तपासणी इंजिनिअरांवर सोडली आणि खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याकडे मोर्चा वळवला. रात्री विमानं जिथे धावपट्टीच्या अलीकडे पडतात, त्या विमानतळांभोवती असतं काय? बहुतेक ठिकाणी चित्र एकसारखं निघालं. धावपट्टीच्या अलीकडे पाणी किंवा ओसाड जमीन, म्हणजे रात्री निव्वळ काळोख. धावपट्टीच्या पलीकडे दिव्यांनी भरलेलं शहर. आणि पुष्कळदा ते शहर हलकेच चढत जाणाऱ्या उतारावर वसलेलं.

त्यांनी सिम्युलेटरसमोर दिव्यांचं एक छोटं गाव उभं केलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘नायटरटाउन’. हे गाव तिरपं करता येई, वैमानिकाकडे सरकवता येई. सिम्युलेटरच्या खुर्चीत बसवले ते नवखे नव्हते. बोइंगचे प्रशिक्षक होते, दुसऱ्यांना विमान उतरवायला शिकवणारे. त्यांच्यापासून अल्टिमीटर, म्हणजे उंची सांगणारं यंत्र, तेवढं काढून घेतलं होतं. समोरचे दिवे पाहत खाली या आणि आपण किती उंचीवर आहोत ते अधूनमधून सांगत जा, एवढंच काम.

बहुतेक सगळे धोकादायकरीत्या खाली आले. गाव उतारावर ठेवलं की चूक आणखी वाढे. विमान जमिनीला टेकायला आलेलं असताना खुर्चीतला प्रशिक्षक आपण व्यवस्थित वर असल्याचं सांगत होता. अंदाज थोडा वर थोडा खाली असा विखुरलेला असता तर त्याला मानवी चूक म्हणून सोडून देता आलं असतं. इथे सगळे एकाच बाजूला चुकत होते, आणि चुका अशा रांगेत उभ्या राहिल्या की त्यांच्यामागे काहीतरी नियम असतो.

तो नियम महाराष्ट्रात दहावीची भूमिती पास झालेल्या प्रत्येकाने निदान परीक्षेपुरता पाठ केलेला असतो: एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सगळे कोन एकरूप असतात. वर्तुळाची एक जीवा घ्या आणि तिच्या एकाच बाजूच्या कंसावर कुठेही उभे राहून तिच्याकडे पाहा. जीवेची दोन टोकं डोळ्याशी तोच कोन करतात. आता जीवेच्या जागी धावपट्टी ठेवा, किंवा दिव्यांनी भरलेला शहराचा पट्टा. वैमानिक काळोखातून तिच्याकडे येतोय. अलीकडचं टोक आणि पलीकडचं टोक यांमधला कोन त्याला दिसतो, दुसरं फारसं काही दिसत नाही. नकळत तो काय करतो, तर हा कोन कायम राहील अशा बेताने विमान खाली आणतो. चित्र ‘ठीक’ दिसतंय, तसंच राहू दे. पण तो कोन कायम राखणारा मार्ग सरळ रेषा नसतो. तो वर्तुळाचा कंस असतो, आणि त्या वर्तुळाचा मध्य वर आकाशात असतो. म्हणून विमान आधी जास्त तीव्रतेने खाली येतं आणि नंतर जमिनीला समांतर होत, पोट जमिनीला लागेल इतक्या बेताने पुढे सरकतं.

आकड्यांत मांडलं की अंगावर येतं. जगभर विमानं साधारण ३ अंशांच्या उतारावरून धावपट्टीवर येतात. धावपट्टी ३ किलोमीटर लांब धरू. तिच्या सुरुवातीपासून १० किलोमीटरवर विमान असताना ३ अंशांच्या मार्गावर त्याची उंची सुमारे १,७२० फूट असायला हवी, आणि समजा ती तशीच आहे. इथून पुढे वैमानिकाने केवळ धावपट्टीची दोन टोकं बघत, त्यांतला कोन न बदलता यायचं ठरवलं. ५ किलोमीटरवर तो ८६० फुटांवर असायला हवा. कंसावरून आला तर असेल साधारण ५३० फुटांवर. २ किलोमीटर उरले असताना हवेत ३४४ फूट, आणि तो आहे १३० फुटांच्या आसपास. वाटेत एखादं टेकाड, झाडांची रांग किंवा विजेचा मनोरा आला, तर तो दिसणारही नाही. काळोखात तो काळाच असतो. आणि या सगळ्या वेळात समोरची धावपट्टी त्याला अगदी हवी तशी दिसत राहते. घाबरावं असं चित्रात काहीच नसतं.

शहर उतारावर असेल तर गणित आणखी बिघडतं. पलीकडचं टोक उचलून धरलेली गोष्ट जास्त उघडी दिसते, वरून पाहिल्यासारखी. मेंदूला शहरं सपाट असण्याची सवय. उताराचं शहर पाहून तो ठरवतो की आपण फार वर आहोत, खाली यायला हवं. हात आपोआप पुढे जातो.

वैमानिकांच्या बोलीत याला ‘ब्लॅक होल अप्रोच’ म्हणतात. खगोलशास्त्रातल्या कृष्णविवराशी याचा काही संबंध नाही. नुसता काळा खड्डा, ज्याच्या पलीकडच्या काठावर दिवे आहेत.

दिवसा हे का होत नाही? कारण दिवसा डोळ्यासमोर शंभर साक्षीदार असतात. झाडाची उंची आपल्याला ठाऊक असते, घराची असते, ट्रकची असते. शेतांचे बांध जवळ येताना रुंद होत जातात. क्षितिजाची रेषा असते, आणि धावपट्टीचं टोक तिच्या किती खाली आहे यावरून उताराचा अंदाज येतो. शिवाय सगळं दृश्य वाहत असतं: जिथे आपण टेकणार तो बिंदू स्थिर आणि भोवतालचं सगळं त्या बिंदूपासून बाहेर पळणारं. जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांवर काम करताना या प्रवाहाचं महत्त्व ओळखलं होतं. रात्री यातले बहुतेक साक्षीदार गैरहजर. दिव्याला आकार नसतो. तो लहान आणि जवळ आहे की मोठा आणि लांब आहे हे नुसतं बघून कळत नाही. प्रवाह असतो, पण आठ-दहा किलोमीटरवरून दिव्यांचं ते पसरणं इतकं मंद की लक्षातही येत नाही. लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि इथेच डोळ्याचा, खरं तर मेंदूचा, एक स्वभाव नडतो. त्याला ‘माहीत नाही’ असं म्हणता येत नाही. पुरावा अपुरा असला तरी तो निकाल देतोच, आणि पुरेशा पुराव्यावर दिलेल्या निकालाइतक्याच ठामपणे देतो. धुकं असलं की वैमानिक सावध असतो; खिडकीबाहेर दुधासारखं पांढरं दिसतंय म्हटल्यावर त्याची नजर आपोआप यंत्रांवर खिळते. भीती असते ती स्वच्छ रात्रीची. पन्नास किलोमीटरवरून शहराचे दिवे दिसताहेत, हवा शांत आहे, धावपट्टी समोर आहे, मग यंत्रात डोकं कशाला घालायचं? आपल्या गावाकडच्या गोष्टींतला चकवाही असाच. वाट हरवलेल्याला तो क्वचित गाठतो. वाट पक्की माहीत आहे असं ज्याला वाटतं, त्याला रात्रभर एकाच शेताभोवती फिरवतो.

मुंबईकरांनी या काळोखाची एक वेगळी आणि भीषण बाजू पाहिली आहे. १ जानेवारी १९७८ला रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. हा उतरण्याचा अपघात नव्हता, आणि सुरुवात झाली ती कप्तानासमोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडण्यापासून. विमान उजवीकडे कललंय असं ते यंत्र दाखवत राहिलं आणि ते सरळ करायला गेलेल्या कप्तानाने ते डावीकडे कलंडवत नेलं. दिवसाउजेडी अशा यंत्राचं खोटं क्षणात उघडं पडतं. खिडकीबाहेर पाहिलं की झालं. पण किनारा मागे पडला होता, पुढे अरबी समुद्र होता, आकाश काळं आणि पाणीही काळं. क्षितिज नावाची रेषाच तिथे नव्हती. साक्ष द्यायला डोळ्यांकडे काहीच नव्हतं.

रात्रीच्या भासांची यादी लांबलचक आहे आणि वैमानिकांना ती परीक्षेसाठी पाठ करावी लागते. अरुंद धावपट्टी दिसली की आपण वर आहोत असं वाटतं, म्हणून खाली येणं होतं. सवयीपेक्षा रुंद असली की उलट. चढत जाणाऱ्या धावपट्टीवर माणूस खाली येतो, उतरत्या धावपट्टीवर वरच राहतो. विरळ धुरकटात दिवे मंद दिसतात आणि म्हणून लांब भासतात. काळ्याकुट्ट मोकळ्या माळावर झगझगीत धावपट्टी असेल तर ती आहे त्यापेक्षा जवळ वाटते. काळोखात एकट्या दिव्याकडे टक लावून पाहिलं तर तो हलायला लागतो; हा प्रयोग कोणीही गच्चीवर करून पाहू शकतो, आणि या हलत्या दिव्याला दुसरं विमान समजून वाट देणारे वैमानिकही होऊन गेले आहेत.

याच यादीतला पाऊस मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चार महिने त्याच्याशीच गाठ असते. समोरच्या काचेवरून पाण्याचा थर वाहत असला की प्रकाश वाकतो, आणि समोरच्या वस्तू खऱ्या जागेपेक्षा खाली दिसतात. त्या खाली दिसल्या की आपण वर आहोत असा समज होतो. ही भूल खाली खेचणारी. त्यात दिव्यांभोवती वलयं पडतात, धावपट्टीची कड विरघळते, आणि ओली डांबरी पट्टी प्रकाश परत पाठवण्याऐवजी पुढेच सांडून टाकते, त्यामुळे लँडिंग लाइटच्या झोतात जमीन दिसायची ती दिसतच नाही. ७ ऑगस्ट २०२०च्या रात्री कोझिकोडला पडत्या पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकलं, पठाराच्या कडेवरून खाली गेलं आणि २१ जणांचा जीव गेला. चौकशी अहवालाने मुख्य बोट ठेवलं ते ठरलेली कार्यपद्धती न पाळण्यावर. पाठीमागून वाहणारा वारा होता, आणि कप्तानाच्या बाजूचा वायपर नीट चालत नसल्याचीही नोंद झाली. अशा अपघाताचं सगळं खापर नजरेच्या भुलीवर फोडणं अन्यायाचं होईल. पण मुसळधार पावसात, रात्री, वायपर धड नसताना त्या काचेतून काय दिसत असेल, याचा विचार वगळून तो अहवाल वाचताही येत नाही.

आपल्याकडे कोल्हापूर, नांदेड, शिर्डी अशा विमानतळांच्या बातम्यांत ‘नाइट लँडिंग’ची सोय हा शब्दप्रयोग वारंवार येतो. स्थानिक पुढारी ती मागणी लावून धरतात, सोय झाली की पेढे वाटले जातात. वाचणाऱ्याला वाटतं, धावपट्टीवर दिवे बसवले असतील. दिवे बसवतातच, पण ते उजेडासाठी नसतात. धावपट्टीचे दिवे रस्त्यावरच्या दिव्यांसारखे जमीन उजळत नाहीत, ते वैमानिकाकडे तोंड करून उभे असतात. त्यांचं काम दाखवण्याचं कमी आणि सांगण्याचं जास्त.

प्रत्येक रंगाला अर्थ आहे. धावपट्टी जिथे सुरू होते तिथे हिरव्या दिव्यांची आडवी ओळ. दोन्ही कडांना पांढरे दिवे, साठ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता. शेवटच्या सहाशे मीटरमध्ये कडेचे दिवे पिवळे होतात, म्हणजे आता ब्रेकची वेळ. मोठ्या धावपट्ट्यांवर मधल्या रेषेतही दिवे पुरलेले असतात. शेवटचे नऊशे मीटर उरले की ते एक लाल एक पांढरा असे येऊ लागतात आणि शेवटच्या तीनशे मीटरमध्ये नुसते लाल. संपते तिथे लाल ओळ. टॅक्सीवेला, म्हणजे विमान धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या रस्त्याला, मात्र कडेला निळे आणि मधून हिरवे दिवे, म्हणजे दोन्हींत गल्लत होऊ नये. गल्लत तरीही होते, त्याकडे येऊच.

धावपट्टीच्याही अलीकडे, जिथे विमान अजून हवेत आहे, तिथे ॲप्रोच लाइट्स असतात. मुंबईत किंवा पुण्यात रात्री विमानात खिडकीशी बसणाऱ्याने खांबांवरचे हे दिवे खालून सर्रकन जाताना पाहिले असतील. त्यांची रचना कशी असावी यावर १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. एस. कॅल्व्हर्ट यांनी मूलभूत काम केलं. त्याआधी निरनिराळे आराखडे होते आणि त्यांतले काही रात्रीच्या धुक्यात गोंधळच वाढवत. कॅल्व्हर्ट यांचं म्हणणं असं की दिव्यांची एक रेषा विमान डावीकडे आहे की उजवीकडे हे सांगते, पण विमान कललेलं आहे का हे सांगत नाही. तिरप्या विमानातून पाहिलं तर सरळ रेषाही तिरपीच दिसते आणि वैमानिक तिला सरळ करायला जाऊन भलतीकडे वळतो. म्हणून त्यांनी मधल्या रेषेला दर दीडशे मीटरवर आडव्या दांड्या जोडल्या. आडवी दांडी म्हणजे उसनं क्षितिज. या दांड्या धावपट्टीकडे येताना आखूड होत जातात, आणि मधल्या रेषेत दूरवर तीन-तीन दिवे, मग दोन-दोन, शेवटच्या तीनशे मीटरला एकेकच. किती अंतर उरलं ते न मोजता कळावं. धुक्यातून दिव्यांचा एक तुकडा जरी दिसला तरी आपण नऊशे मीटरच्या कोणत्या भागावर आहोत ते त्या तुकड्यावरून ओळखता येतं. कॅल्व्हर्टची ही रचना आजही जगभर, भारतातही, दिसते. मला तरी विमानतळावरच्या सगळ्या यंत्रसामग्रीत हीच सर्वांत हुशार गोष्ट वाटते, आणि तिच्यात हलणारा एकही भाग नाही.

पण काळ्या खड्ड्यावर खरा उतारा आहे तो धावपट्टीच्या डाव्या बाजूला, सुरुवातीपासून साधारण तीनशे मीटर आत, गवतात मांडलेल्या चार पेट्यांचा. त्यांना ‘पापी’ म्हणतात. प्रिसिजन अप्रोच पाथ इंडिकेटर या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं, मराठी कानाला जरा विचित्र वाटणारी. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्याच बेडफर्डच्या प्रयोगशाळेत हे उपकरण तयार झालं.

पेटी गुडघ्याएवढी. आत दिवा, त्याच्या पुढे निम्म्या भागावर लाल काच, त्याच्या पुढे भिंग. बाहेर पडणाऱ्या झोताचा वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा अर्धा लाल. दोन रंगांमधली सीमारेषा इतकी बारीक असते की एक किलोमीटरवर तिची जाडी मीटरभरही भरत नाही. चारही पेट्या अशाच. फरक फक्त कोनाचा. धावपट्टीपासून सर्वांत लांबची पेटी २ अंश ३० मिनिटांवर रोखलेली, पुढची २ अंश ५० मिनिटांवर, मग ३ अंश १० मिनिटं आणि धावपट्टीला लगटून असलेली ३ अंश ३० मिनिटांवर. वैमानिक नेमका ३ अंशांवरून येत असेल तर तो दोन पेट्यांच्या सीमेच्या वर असतो आणि दोघींच्या खाली: त्याला दोन पांढरे, दोन लाल दिसतात. थोडा वर गेला, तीन पांढरे. खूप वर, चारही पांढरे. खाली घसरला की लाल वाढत जातात आणि चारही लाल झाले की काय समजायचं ते सांगायला नको. मघाच्या आपल्या गणितातल्या वैमानिकाला, ५ किलोमीटरवर ५३० फुटांवर आलेल्याला, धावपट्टी कितीही ‘ठीक’ दिसत असली तरी पापीच्या चारही पेट्यांतून लाल रंगच दिसला असता.

यात गंमत अशी की पापी वैमानिकाला अंदाज बांधायला लावतच नाही. किती लांब, किती उंच, किती तिरकं, हे सगळे प्रश्न जमिनीवरच सोडवून ठेवलेले असतात. डोळ्याला फक्त लाल आणि पांढरा ओळखायचा आहे, आणि ते काम डोळा रात्रीसुद्धा चोख करतो. वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणाची परीक्षा काटेकोर घेतात, त्यामागे अनेक कारणं आहेत. त्यांतलं एक हे.

अर्थात पापीचीही दुखणी आहेत. भिंगावर दव धरलं की लाल-पांढऱ्याची सरमिसळ होऊन गुलाबीसर झोत येतो. पापीच्या सुरक्षित कक्षेला मर्यादा आहे. खूप लांबून दिसला म्हणून त्याच्या भरवशावर डोंगर ओलांडायचे नसतात. आणि तो वर-खाली सांगतो, डावं-उजवं नाही.

हे डावं-उजवं काय करू शकतं ते ७ जुलै २०१७च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत दिसलं. तिथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत, २८ लेफ्ट आणि २८ राइट. त्या रात्री डावी दुरुस्तीसाठी बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते आणि सुरुवातीला उघडझाप करणारी मोठी फुली लावली होती. टोरांटोहून आलेल्या एअर कॅनडाच्या एअरबस ए ३२०ला उजवीवर उतरायचं होतं. बंद धावपट्टीची सूचना कागदपत्रांत होती, पण ती चालकांच्या मनात ठसली नव्हती. त्यांना दोन पट्टे दिसायला हवे होते आणि दोन पट्टे दिसलेही: उजवी धावपट्टी, आणि तिच्याही उजवीकडचा टॅक्सीवे. त्यांनी धावपट्टीला डावी मानलं आणि टॅक्सीवेला उजवी. टॅक्सीवेवर चार विमानं उड्डाणासाठी रांगेत थांबली होती. त्यांचे दिवे दिसले तेव्हा वैमानिकांना शंका आली आणि त्यांनी टॉवरला विचारलंही. टॉवरने धावपट्टी मोकळी असल्याचं सांगितलं, आणि ते खरंच होतं, धावपट्टी मोकळीच होती. हा चाललाय कुठे, असं थांबलेल्या विमानांपैकी एकातला वैमानिक रेडिओवर बोलला. एअरबस पुन्हा वर उचललं गेलं, पण तोवर ते जमिनीपासून ५९ फुटांपर्यंत आलं होतं.

रात्र स्वच्छ होती. वैमानिकांच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजत होते. त्या धावपट्टीला आय.एल.एस., म्हणजे रेडिओलहरींनी मध्यरेषा आणि उतार दाखवणारी यंत्रणा, उपलब्ध होती; तिचा पडताळा घेतला असता तर चूक लगेच उघडी पडली असती. पण नजरेने उतरण्याची परवानगी होती, बाहेर सगळं दिसत होतं, आणि ती वारंवारता लावायची राहून गेली. टॅक्सीवेचे हिरवे-निळे दिवे आणि धावपट्टीचे पांढरे दिवे यांतला फरकही डोळ्यांनी पाहिला, पण मेंदूने आधीच निकाल दिलेला होता. मुंबईला याचा जुना अनुभव आहे: १९५३मध्ये बी.ओ.ए.सी.चं कॉमेट आणि १९७२मध्ये जपान एअरलाइन्सचं डी.सी. ८ सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं होतं. भास व्हायला दर वेळी काळोखच लागतो असं नाही.

दिवे किती प्रखर असावेत हाही स्वतंत्र विषय आहे. मोठ्या विमानतळांवर टॉवरमधून ती प्रखरता पाच पायऱ्यांत बदलता येते. दिवसाच्या धुक्यात सर्वांत वरची पायरी लागते. तीच स्वच्छ रात्री ठेवली तर काळोखाला सरावलेले डोळे दिपून जातात, आणि डोळ्यांना काळोखाला पुरतं सरावायला अर्धा तास लागतो. म्हणून रेडिओवर वैमानिक सरळ सांगतो, दिवे कमी करा. अमेरिकेतल्या लहान विमानतळांवर रात्री टॉवरमध्ये कोणी नसतंच. तिथे वैमानिक ठरलेल्या वारंवारतेवर माइकचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबतो आणि खाली काळ्या मैदानात दिवे पूर्ण प्रखरतेने उजळतात. पाच वेळा दाबलं तर मध्यम, तीन वेळा दाबलं तर मंद. अलीकडे जुने तापणारे दिवे काढून एल.ई.डी. लावतात. वीज वाचते, दिवे टिकतात. पण धुक्यातून उष्णतेच्या आधारे दिवे ‘पाहणारे’ कॅमेरे काही विमानांत असतात, आणि एल.ई.डी. जवळजवळ उष्णता देतच नाहीत. माणसाला लख्ख दिसणारा दिवा त्या कॅमेऱ्याला दिसेनासा झाला. एक प्रश्न सुटला की दुसरा दारात उभा.

क्राफ्टच्या प्रयोगानंतरची सगळ्यांत अवघड शिकवण अशी की भास माहीत असून तो जात नाही. सारख्या लांबीच्या दोन रेषांच्या टोकांना उलटसुलट बाण काढले की एक लांब दिसते. पट्टीने मोजून झाल्यावरही ती लांबच दिसत राहते. तसंच इथे. म्हणून विमान कंपन्यांनी वैमानिकाच्या नजरेला सुधारायचा नाद सोडला आणि तिला एकटं न सोडण्याची व्यवस्था केली. आकाश कितीही निरभ्र असो, आय.एल.एस. लावायचाच. तो नसेल तर हिशेब: धावपट्टीपासून जितके नॉटिकल मैल अंतर, त्याची तिप्पट करा आणि शेकड्यांत मोजा. पाच मैलांवर १,५०० फूट, चार मैलांवर १,२००, तीनवर ९००. एक वैमानिक बाहेर पाहत विमान हाताळतो, दुसरा आत पाहत आकडे मोठ्याने म्हणतो. शिवाय डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या इंजिनिअरच्या चिकाटीतून आलेली जमिनीची सूचना देणारी यंत्रणा आहे. तिच्या नव्या पिढीत पृथ्वीवरच्या डोंगरदऱ्यांचा नकाशाच भरलेला असतो आणि काळोखातलं टेकाड तिला दिवसाइतकंच स्वच्छ दिसतं. ती बोलू लागली की वाद घालायचा नसतो.

आणि मग एक उंची ठरलेली असते, कंपनीनुसार १,००० किंवा ५०० फूट. तिथे पोचेपर्यंत वेग, उतार, दिशा, चाकं, फ्लॅप सगळं जागच्या जागी नसेल तर उतरायचं नाही, पुन्हा वर जायचं. प्रवासी अशा वेळी हँडल घट्ट धरतात, शेजाऱ्याकडे पाहतात, कोणी देवाचं नाव घेतं. उतरल्यावर घरी फोन करून विमान टेकता टेकता परत उठलं म्हणून सांगतात. कारणं बहुधा साधी असतात. पुढचं विमान अजून धावपट्टीवरून हललेलं नसतं, वाऱ्याची दिशा बदललेली असते. एखाद्या रात्री मात्र समोर धावपट्टी अगदी हवी तशी दिसत असते, आणि डावीकडे गवतातल्या चारही पेट्या लाल असतात.